वकीलसाहेबांची वागणूक

चौकातला फ्लेक्स बघितला आणि अ‍ॅडव्होकेट विजयसिंह इंगवल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधोमध ते स्वतः, काळा कोट आणि गॉगल. गॉगल त्यांनी जन्मात घातला नव्हता. वर लिहिलं होतं, 'परदेशात जायचं असो की कळंबा जेलमधनं यायचं असो, माणूस एकच.' खाली शुभेच्छुकांचे आठ गोल फोटो. आठही जण त्यांनीच सोडवलेले.

"गुंड्या, हा शहाणपणा कुणाचा?"

"वाढदिवस हाय की तुमचा," गुंडू म्हणाला. पहिल्या गोलात तोच होता. "कोर्टात आमच्यापायी एवढं भांडलासा. आमी एक फ्लेक्स लावू नये व्हय?"

"उतरव आधी."

"सांच्याला उतरवतो. केक कापायचा हाय अजून."

नेमका आजच हवालदार चौकशीला यायचा होता. विजयसिंह फौजदारी खटल्यांबरोबर व्हिसाचीही कामं करत. शेकडो लोकांना त्यांनी परदेशी धाडलं, ते प्रत्येकाला बजावून, की चौकशीच्या दिवशी कुणाशी वाकडं बोलायचं नाही. आता लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला त्यांनाच जायचं होतं, आणि चांगल्या वागणुकीच्या पोलीस दाखल्यावाचून फाइल अडली होती. लेक रोज फोनवर विचारायची, "बाबा, येताय ना?"

पण राग चढला की वकिलांना स्वतःचाच सल्ला आठवत नसे. त्यांनी फ्लेक्सचा बांबू धरून ओढला. पानटपरीवाला "दमानं, साहेब" म्हणाला, त्याला झापलं. चहावाली शालूबाई मधे पडली, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात बांबू उपटून हातात आला आणि अख्खा फ्लेक्स नुकत्याच येऊन थांबलेल्या मोटारसायकलवर आडवा झाला. त्याच्याखालून एक खाकी टोपी बाहेर आली.

"इंगवले वकील कोण?" हवालदारानं विचारलं.

विजयसिंहांच्या हातात अजून बांबू होता.

"बरं," कपडे झटकत हवालदार म्हणाला, "वागणूक चांगली हाय म्हणून सही करणारी दोन माणसं बोलवा. हितलीच पायजेत."

पानटपरीवाल्यानं पाठ फिरवली. शालूबाई खाली मान घालून कप विसळत बसली.

"आमी हाय की," म्हणत गुंडू आणि दुसऱ्या गोलातला गडी पुढं झाले.

हवालदारानं गुंडूला ओळखलं. "ह्याच्यावर चार केसी झाल्यात. वकीलसाहेब, तुमीच सांगा, ह्यो माणूस कसा हाय?"

विजयसिंहांनी दात आवळले. हेच उत्तर त्यांनी कोर्टात चार वेळा, छातीठोकपणे दिलं होतं.

"अत्यंत सज्जन," ते पाचव्यांदा म्हणाले. या खेपेला सुटायचं त्यांना होतं.