बाविसाव्या सिनेमाची वारसनोंद

मी तलाठी आहे. चार पिढ्यांच्या भावकीत कोण सावत्र, कोण दत्तक आणि कोण मयत, हे मी हातातला चहा संपायच्या आत सांगतो. त्यामुळे माझी लेक ऋतुजा जेव्हा म्हणाली, "पप्पा, हा सिनेमा तुम्हाला नाही कळायचा, ह्याच्या आधीचे एकवीस आहेत," तेव्हा मला हसूच आलं. एकवीस सिनेमे म्हणजे फार तर एका गावाचं काम!

खरं सांगतो, मला सिनेमाची हौस नव्हती. दहावीत गेल्यापासून ऋतुजा माझ्याशी 'हं' आणि 'नको' एवढंच बोलायची. तिच्या शेजारी बसून अडीच तास काढायचे, ती मैत्रिणींशी बोलते तसं तिनं माझ्याशी बोलायचं, एवढाच माझा डाव होता.

महिनाभर मी मोबाइलवर एकवीस सिनेमे पाहिले आणि कॅलेंडरच्या मागे वंशावळ काढली. मूळ पुरुष एक म्हातारा खलाशी. त्याच्या हाताखाली सहा वीर, सगळे अचाट ताकदीचे. त्यातली एक बाई सोळाव्या सिनेमात दरीत पडून मयत, तिची नोंद लाल शाईनं. आणि हा बाविसावा सिनेमा एका शाळकरी पोरीचा. ती स्वतःचं वजन हवं तेव्हा कापसाएवढं करायची, हवं तेव्हा रोडरोलरएवढं. म्हातारा तिला आपल्यात घेणार की नाही, ह्या एका प्रश्नावर ऋतुजा आणि तिच्या मैत्रिणी दोन वर्षं भांडत होत्या.

सिनेमाच्या दिवशीच माझे सासरे अमृतराव, म्हणजे ऋतुजाचे आबा, चष्मा करायला कंधारहून नांदेडला आले. "मी बी येतो," म्हणाले. तिसरं तिकीट काढलं.

पहिल्या पाच मिनिटांत मामांनी विचारलं, "ही पोरगी कोणाची?"

"बाहेरून आलेली आहे, मामा."

"मंजी दत्तक?"

"अजून नोंद नाही."

मी इतकं सोपं करून सांगत होतो की मागच्या रांगेतलं एक जोडपंही मला शंका विचारू लागलं. इंटरव्हलपर्यंत अर्ध्या थेटराला भावकी पाठ झाली होती. ऋतुजानं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, बापाचा अभिमान पोरींना लपवावासा वाटतो.

इंटरव्हलनंतर पडद्यावरचं एक दार उघडलं आणि दरीत पडलेली बाई धडधाकट आत आली.

"जावईबापू," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही तर मेली म्हणला होता तुम्ही. सातबाऱ्यावर बी असंच करता का?"

थेटर हसलं. मागचं जोडपं सगळ्यांत जास्त हसलं. पुढचा तासभर मला कोणी काही विचारलं नाही.

शेवटी पोरगी जिंकली, दिवे लागले, नावं सुरू झाली. मामांची कंधारची गाडी पाचला होती. मी उठलो.

"पप्पा, थांबा. अजून एक सीन असतो."

"काही नसतो. मी एकवीस पाहिलेत. चल, आबांची गाडी चुकेल."

आबांच्या गाडीपुढे तिचं काही चाललं नाही. मी तिला हाताला धरून गर्दीतून बाहेर आणलं. बाहेर येऊन पाहतो तर मामा नाहीत! परत फिरलो, तर दारावरचा माणूस म्हणाला, "बाहेर गेलेल्याला आत सोडत न्हाई."

ऋतुजाचे डोळे भरले होते. "पप्पा, मोबाइलवर सिनेमे पाहताना नावं आली की तुम्ही काय करायचा?"

"पुढचा लावायचो."

"ती बाई वाचली हे सोळाव्याच्या नावांनंतर दाखवलंय. आणि आज म्हातारा काय ठरवतो ते दाखवणार होते." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. महिनाभराच्या मेहनतीनं मी 'हं' आणि 'नको'सुद्धा गमावलं होतं.

दहा मिनिटांनी मामा सावकाश बाहेर आले.

"मामा, गाडी गेली ना तुमची," मी म्हणालो.

"जाऊ दे. एवढी माणसं राबली, त्यांची नावं घेऊन राहिले, अन् आपण मधीच पाठ फिरवायची? लग्नात नावं पुकारताना उठतो का आपण? मंग बसलो. अन् मंग म्हातारा आला की."

ऋतुजा गर्रकन वळली. "काय म्हणाला?"

"सहा जण बसले होते. सातवी खुर्ची मागवली. पोरीला म्हणला, बस."

"बसली?"

"न्हाई. म्हणली, आधी माझी परीक्षा होऊ द्या."

ऋतुजानं भर रस्त्यात आबांना मिठी मारली आणि घरापर्यंत दोघं अखंड बोलत होते. मी मागून चालत होतो.

पुढचा सिनेमा मे महिन्यात आहे. ऋतुजानं मला तिकिटं काढायला सांगितली. दोन.

"आणि मी?"

"तुम्ही आधी मागचे एकवीस पूर्ण करा."

सध्या मी चौथ्याची नावं वाचतोय.