काकांची सायकल आणि शिंप्याचा नियम

मास्तरांनी सायकल खोलली ती बाहेरच्या खोलीत, पांढऱ्या चादरीवर. त्यामुळे भांडणासाठी वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

"अहो, ती चादर कालच धुतली होती!"

"म्हणून तर घेतली. छर्रे सांडले तर पांढऱ्यावर दिसतात."

मास्तर म्हणजे शिंपी. सायकल त्यांच्या काकांची, रेसची, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेल्या हँडलची. लहानपणी तिच्या पुढच्या नळीवर बसून मास्तरांनी सगळं जग पाहिलं होतं. काका गेल्यावर काकूंनी ती त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा मास्तर गिऱ्हाइकांकडे पाठ करून रडले होते. अशा सायकलला कोणी नावं ठेवलेली त्यांना कशी चालणार? पण बायकोचा धाकटा भाऊ पाहुण्यांसमोर म्हणालाच.

"भाऊजी, हे भंगारात घाला. माझ्या नव्या सायकलचं वजन तुमच्या कात्रीएवढं आहे."

मास्तरांचं डोकं फिरलं. "येत्या रविवारी टाकीच्या चढावर ही सायकल तुझ्या पुढे गेली नाही, तर मी स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन देईन!"

"सगळ्यांनी ऐकलंय हं," मेहुणा खूश होऊन म्हणाला.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण मास्तर कामाला भिडले. गंज रॉकेलने उतरवला, नवा रंग दिला, लटपटणाऱ्या चाकांचा आउट काढून ती सरळ केली, छर्ऱ्यांना शिलाई मशिनचं तेल पाजलं. चेन भिजवायला घेतलेली बादली आंघोळीची होती, हे घरात दुसऱ्या दिवशी वासावरून कळलं. हँडलला मऊ कातडं गुंडाळून त्यांनी इतक्या बारीक टाक्यांनी शिवलं की समोरचा प्लंबर नुसता बघत राहिला.

आणि इथेच शिंप्याची बुद्धी आडवी आली. शिंप्याचा नियम असा की पँटची उंची शेवटी. आधी सगळं शिवायचं, गिऱ्हाइकाला घालायला लावायचं आणि मग खाली किती दुमडायचं ते ठरवायचं. सीट खाली करण्याचं कामही मास्तरांनी ह्याच नियमाने शेवटी ठेवलं. काका होते सहा फुटी. मास्तर उंच गिऱ्हाइकांची मापं त्यांना स्टुलावर बसवून घेत.

शनिवारी दुपारी सायकल आरशासारखी चमकत होती. मास्तरांनी सीटखालचा नट सैल केला आणि सीट दाबली. सीट हलली नाही. वर बसून उड्या मारल्या, तरी नाही. सीटचा रॉड नळीत गंजून बसला होता आणि मास्तरांचे पाय पेडलच्या चार बोटं वर लोंबत होते.

तेल सोडलं. काही नाही. गरम पाणी ओतलं, तर नवा रंग पापडासारखा फुगला. मग मास्तरांनी सीट खिडकीच्या गजांत अडकवून अख्खी सायकल फिरवायला घेतली. खिडकीचा गज निघून हातात आला. आवाज ऐकून प्लंबर धावत आला.

"मास्तर, पाइप म्हटलं की आपलं काम! तुम्ही सायकल धरा. वहिनी, तुम्ही सीट ओढा."

त्याने पाना लावला, तिघांनी जोर केला आणि सीटचं कातडं तेवढं टर्रकन वहिनींच्या हातात आलं. ते काम मात्र मास्तरांच्या प्रांतातलं. अर्ध्या तासात त्यांनी नवं शिवलं.

"करवतीने कापू या रॉड," प्लंबर म्हणाला.

"खबरदार! उसवलेलं शिवता येतं, कापलेलं पुन्हा वाढत नाही."

शेवटी त्यांनी बुटांच्या तळव्यांना दोऱ्याची लाकडी रिळं बांधली. पाय पेडलला टेकले! मास्तर गल्लीत दहा पावलं राजासारखे गेले, अकराव्याला रिळं फिरली, आणि ते शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या गोधडीत सायकलसकट गुरफटले. सायकलला ओरखडा नव्हता. मास्तरांचा घोटा टम्म सुजला होता.

"उद्या भंगारवाल्याला बोलाव," घोटा शेकताना ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

रविवारी सकाळी चढाच्या पायथ्याशी मेहुणा चष्मा, हातमोजे आणि हेल्मेट घालून उभा होता. मास्तर लंगडत आले. मागून बायको सायकल घेऊन आली.

"ताई, तू कशाला आलीस?"

"पैज सायकलची लागलीय ना? वर कोणी बसायचं हे कुठे ठरलं होतं?"

तिने पदर खोचला आणि ती सीटवर बसली. पाय पेडलवर अगदी मापात बसले. लग्नाच्या फोटोत ती खुर्चीवर आणि मास्तर उभे, ते काही उगीच नाही.

"अगं, पण तुला जमेल का?" मास्तर घाबरून म्हणाले.

"ह्याला कॅरिअरवर बसवून शाळेत कोण न्यायचं? तेव्हा तर हा दप्तरासकट असायचा."

मेहुणा बाणासारखा सुटला. ताई सावकाश निघाली. शिवलेल्या कपड्यांची गाठोडी घेऊन हा चढ ती रोज दोनदा चढायची. कुठे दम राखायचा हे तिला पाठ होतं. अर्ध्यावर मेहुण्याच्या छातीचा भाता झाला, तो उभा राहून पेडल मारू लागला. ताई त्याच्या बाजूने, "पाणी पी रे थोडं," म्हणून पुढे गेली. टाकीच्या कठड्याला तिने हात लावला, तेव्हा मेहुणा सायकल हाताने ढकलत होता.

खाली मास्तर एका पायावर नाचत होते. "माझी सायकल! माझी बायको!" ते ओरडत होते, आणि ह्यातलं आधी काय ओरडायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शर्यत बघायला आलेल्या प्लंबरने त्यांना चक्क खांद्यावर घेतलं.

सोमवारी दुपारी दुकान बंद करून मास्तर सायकल पुसत बसले. सीटवर फडकं फिरवलं आणि सीट गर्रकन वळली. तेल मुरलं होतं आणि चढावरच्या धक्क्यांनी गंज सुटला होता. मास्तरांनी सीट अलगद दाबली. ती लोण्यासारखी खाली गेली, थेट त्यांच्या मापावर आली.

मास्तरांनी आतल्या खोलीकडे एक नजर टाकली. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, सीट पुन्हा वर ओढली, बायकोचं माप जुळवलं आणि नट सगळा जोर लावून आवळला.

"अहो, निघतोय का तो रॉड?" आतून बायकोने विचारलं.

"छे गं," मास्तर म्हणाले, "जाम झालाय. तुलाच चालवावी लागणार."