गुरुवार सकाळच्या धुण्याची मोहीम

वाचकांचे हुजुरास अर्ज ऐसा की, स्वीडन मुलखी एस्किल्स्तुना शहरी पिवळ्या विटांची एक चौमजली इमारत आहे, तीमध्ये आम्ही बावीस वर्षे भाड्याने राहतो, आणि तेथे जे घडले ते काही डोळां पाहिले, काही कानी ऐकिले, काही जिन्यात चपलांचे बंद बांधण्याचे निमित्त करोन ऐकिले, ते यथास्थित लिहितो. आमची कपडे धुण्याची पाळी मंगळवारची, सबब गुरुवारच्या तंट्यात कोणाचा पक्ष धरण्याचे आम्हांस कारण नाही. धरिला असेल तर तो स्वभावदोष.

तिसरे मजल्यावर गंगाभागीरथी गुन-ब्रिट ओकेर्लुंड, उमर त्र्याहत्तर, पूर्वी टपालखात्यात, चालण्यात ताठ आणि बोलण्यात त्याहून ताठ. इमारतीचे तळघरी सामाईक धुलाईघर, यंत्रे दोन, आणि भिंतीवर पाळ्यांची पाटी; ज्या खणी ज्याचे कुलूप, ती पाळी त्याची. त्या पाटीवर गुरुवार सकाळी सातचे खणी बाईंच्या नावाचे कुलूप चौतीस वर्षे लटकत होते. सरकारे आली, सरकारे गेली, यजमान निवर्तले, पण बाईंचा गुरुवार ढळला नाही. कानून मात्र कडक. पाळीचा धनी साडेसातपावेतो खाली न पोहोचेल तर जो हजर असेल त्याने खुशाल यंत्र चालवावे.

तों बाईंच्या उजव्या गुडघ्याने फितुरी केली. संधिवात भरला, कूर्चा झिजली, आणि चढण्यापरीस उतरणे दुर्घट जाहले. लिफ्ट तळमजल्यापर्यंतच जाते. त्याखाली दगडी पायऱ्या चौदा. पहिल्या गुरुवारी बाई पोहोचल्या तो सात वाजून चौतीस मिनिटे, आणि दोन्ही यंत्रांत दुसरे मजल्यावरील सरदार तुरे हल्स्त्रोम यांची गंजिफ्राके गरगर फिरत होती. सरदार पूर्वी जकातीवर अंमलदार. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिले. ऐसे तीन गुरुवार गेले, आणि मग सोसायटीच्या अध्यक्षीणबाईंचा हुकूम पाटीवर डकवला गेला की, मिडसमरच्या, म्हणजे जूनअखेरच्या उन्हाळी सणापूर्वीच्या गुरुवारपावेतो धनी जातीने वेळेत हजर न जाहल्यास पाळी खालसा करोन तुरे यांस द्यावी. मुदत दहा आठवड्यांची.

तोवर ओरेब्रू शहराहून लेक अन्नेली येई आणि कपड्यांची मोठी निळी पिशवी घेऊन जाई. धुऊन आलेली चादर बाईंनी अंथरली, नाक लावून पाहिले, तो परक्या घरच्या साबणाचा वास. आपल्याच पलंगावर आपण पाहुण्या जाहलो ऐसे वाटून बाई रडल्या. हे त्यांनी कोणास सांगितले नाही, पण भिंती पातळ आहेत.

मग दवाखान्यातून फिजिओथेरपिस्ट शिरीन कुमकेस आली. या मुलखी लहानथोर एकमेकांस अरेतुरे करितात, त्यात बेअदबी नाही. शिरीनने दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला, त्यावर धूळ.

"कागद छान दिसतोय, गुन-ब्रिट," शिरीन म्हणाली, "पण तुझ्या गुडघ्याला वाचता येत नाही."

ऐसे म्हणोन तिने टीव्हीस एक डबी जोडली, गुडघ्यास पट्टा बांधिला, आणि पडद्यावर एक ससा प्रकटला. बाईंनी पाय सरळ करावा तो सशाने कुंपण ओलांडावे, पाय धरून ठेवावा तो ओढा तरावा, आणि खुर्चीवर हळूहळू बसावे तो काठावर अलगद उतरावे. परंतु बाईंनी धप्पकन अंग टाकिले की ससा पाण्यात. पहिल्या दिवशी सदर ससा एकेचाळीस वेळा बुडाला. बाईंनी त्यास नाही नाही ते सुनावले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. पण हार पत्करणे बाईंच्या रक्तात नाही, सबब जो कागद दोन महिन्यांत झाला नाही तो ससा रोज दोन वेळा होऊ लागला.

चौथ्या आठवड्यात बाईंची मती फिरली. त्यांनी पट्टा गुपचूप चांगल्या, डाव्या गुडघ्यास बांधिला आणि ससा वाऱ्यासारखा सुटला. गुणांचा आकडा दवाखान्यातही दिसतो, हे त्या विसरल्या. दुपारी फोन वाजला.

"तुझा गुडघा एका रात्रीत वीस वर्षांनी लहान झालाय," शिरीन म्हणाली. "डावाच ना तो?"

बाई ओशाळल्या, पट्टा जागच्या जागी गेला, आणि पुन्हा धप्प, पुन्हा बुडी. इकडे खालचे मजल्यावर सरदारांच्या छतास हादरे बसू लागले. या मुलखी भांडण तोंडाने करीत नाहीत, चिठ्ठीने करितात. लिफ्टमध्ये खलिता लागला की, सकाळी सातपूर्वी वरून काही जड वस्तू वारंवार पडते, तरी विचार व्हावा, आपला एक शेजारी. बाईंनी खाली लिहिले, "तो ससा आहे." सरदार तीन दिवस विचारात पडले, आणि मग दुसरी चिठ्ठी लागली की, इमारतीत ससे पाळण्यास परवानगी आहे काय. त्यास बाईंनी उत्तर धाडिले नाही.

पुढे खुर्ची सुटली आणि पाट आला. पाटावर चढणे, पाटावरून एका पायाने सावकाश उतरणे. गुडघा ठणके, बाई ओठ आवळीत, आणि ससा कुंपणामागून कुंपण ओलांडी. नववा आठवडा लागला तो धप्प आवाज बंद पडला.

मग तो अखेरचा गुरुवार उजाडला. सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी बाईंनी कूच केले, पाठीस कपड्यांची थैली, डाव्या हाती कठडा. सात पायऱ्या सुखरूप गेल्या. आठवीवर गुडघ्याने कळ मारिली, आणि क्षणभर बाईंना वाटले, झाले, संपले सगळे. पण त्या थांबल्या, वजन तोलले, मांडी आवळली आणि पाय इतका सावकाश खाली सोडिला की पायरीस कळलेही नसेल. पुढे नववी, मग दहावी, आणि ऐसे करीत चौदावी. घड्याळात सात वाजून बारा मिनिटे. धुलाईघरात तुरे टोपली घेऊन उभे.

"आवाज बंद झाला होता," तुरे म्हणाले. "मला वाटलं, तू नाद सोडलास."

"हळू बसायला शिकले," बाई म्हणाल्या. "सरक."

सरदार निमूट सरकले आणि टोपली उचलून जिना चढू लागले. एक पाऊल, त्याच पायरीवर दुसरे पाऊल. पाचवीवर थांबून ते दिव्याकडे पाहू लागले, जणू दिवाच तपासावयास आले. त्या दिव्यात पाहण्याजोगे काही नाही हे बाईंइतके कोणास ठाऊक असणार? त्यांना जिंकल्याचा आनंद होता, आणि तो होता होताच त्यांना वाईटही वाटले.

"तुरे. कधीपासून?"

"नाताळापासून," मागे न पाहता सरदार म्हणाले. "एकदा उतरलो की पुन्हा वर जाववत नाही, म्हणून बसून राहायचो इथेच."

"डावं यंत्र घे आज."

सरदारांनी टोपली पायरीवर टेकविली आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारसाठी चिठ्ठी लावू का?"

"चिठ्ठी नको. बुधवारी वर येऊन विचार."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गुरुवार सातची पाळी गुन-ब्रिटबाईंकडे पूर्ववत कायम. डावे यंत्र सरदार तुरे यांस बहाल, परंतु वंशपरंपरेने नव्हे, दर बुधवारी घंटा वाजवून तोंडी मागण्याचे अटीवर. पहिल्या बुधवारी सरदार दारापर्यंत आले आणि माघारी फिरले. दुसऱ्या बुधवारी घंटा वाजली. बाईंनी कॉफीचे दोन पेले मांडूनच ठेविले होते. पहिल्या बुधवारीही ठेविले होते, हे सरदारांस ठाऊक नाही, आणि आम्ही सांगितले नाही.