थेंब काही फुटत नाही

थेंबोबांनी (हे नाव प्रयोगशाळेतल्या टवाळांनी ठेवलं, बायकोने आनंदाने उचललं) रविवारी घरीच प्रयोग करायचं ठरवलं. अकरा वर्षं ते एकच गोष्ट बघत आले होते. जोराच्या वाऱ्यात थेंब आधी चपटा होतो, मग पिशवीसारखा फुगतो आणि फटकन फुटतो. आज फक्त निळ्या शाईचा थेंब चपटा होताना मोबाइलवर टिपायचा होता. उजेड चांगला, म्हणून टेबल मांडलं ते नेमकं बायकोच्या शिवणाच्या खोलीत.

तिथे एका गायिकेचा पांढराशुभ्र गाऊन लटकत होता. पाचला ती न्यायला येणार, सातला कार्यक्रम.

"अहो, यावर एक ठिपका जरी पडला, तर माझं दुकान बंद समजा," बायकोने बजावलं.

"अगं, हेअर ड्रायरच्या वाऱ्याने थेंब फुटत नाही. आकडेमोड केलीय मी."

आकडेमोड चोख होती. पण बायकोचा धाक मोठा. चुकून डाग पडलाच तर धुता यावा, म्हणून थेंबोबांनी शाईत भांडी घासायचा साबण ओतला. साबणाने थेंबाची कातडी ढिली पडते आणि तो निम्म्या वाऱ्यातच फुटतो, असा अख्खा लेख आहे. तो त्यांनीच लिहिलाय.

ड्रायर सुरू झाला. थेंब चपटा झाला, फुगला, आणि पुढचं सगळं गाऊनवर गेलं. हजारो बारीक निळे ठिपके. थेंबोबा ओलं फडकं आणायला धावले. तेवढ्यात बेल वाजली.

गायिकेने गाऊन उलटसुलट पाहिला. एवढी नाजूक नक्षी तिने जन्मात पाहिली नव्हती म्हणे. पुढच्या रविवारसाठी तिला अगदी असेच आणखी तीन हवे होते.

"ही नक्षी आमच्याकडे हे करतात," बायको म्हणाली, आणि थेंबोबांची छाती दोन इंच फुगली.

आठवडाभर ते चिंध्यांवर थेंब उडवत राहिले. कधी नुसता डाग, कधी काहीच नाही. साबण किती घातला होता, हे त्यांनी लिहूनच ठेवलं नव्हतं. रविवारी दुपारी बायकोने त्यांना बाजूला केलं, एक टूथब्रश शाईत बुडवला, त्यावरून अंगठा फिरवला आणि दहा मिनिटांत तिन्ही गाऊन उरकले. थेंबोबांना मनापासून वाईट वाटलं. हे शास्त्रीय नाही, असं ते पुटपुटलेसुद्धा.

सोमवारी सकाळी दात घासून ते व्याख्यानाला गेले. विषय होता, थेंब कसा फुटतो. त्यांनी तोंड उघडलं मात्र, पहिली रांग खो खो हसत सुटली, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की तो टूथब्रश त्यांचाच होता.