कुठी लिवलं?

गुलाबकाकांना कुठलीच गोष्ट नीट समजत नाही. निदान मी चौथीत असताना माझी तशी खात्री होती.

काका आमचे शेजारी. तिवस्याजवळच्या आमच्या गावात त्यांचा झेंडूचा मळा आहे. फुलं ते मोझरीला नेऊन विकतात. संध्याकाळी ओसरीवर हार ओवायला बसले की आम्ही पोरं पुस्तकं घेऊन त्यांच्यापुढे. दोन-तीन ओळी वाचून झाल्या, की फुलांनी पिवळा झालेला त्यांचा तळहात धपकन पानावर पडायचा.

"थांब. म्हंजे कोल्हा मेला."

"नाई काका! मेला नाई, झोपला!"

"कुठी लिवलं?"

मग ती ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवायचं. बरोबर दाखवलं, तर परसातल्या झाडाचा एक पेरू. एवढ्या सोप्या गोष्टी या माणसाला कशा कळत नाहीत, म्हणून आम्ही जीव तोडून समजावून सांगायचो. बाबा म्हणायचे, "मानूस सोन्यासारखा हाय, पन डोक्यात भुसा भरला बाप्पा."

मी वाचनात वर्गात पहिली होते. आमचे सर मोबाईलचं घड्याळ लावून वाचायला लावत आणि मी एका दमात पान संपवत असे. काकांपुढेही मी तशीच सुटले. पान संपल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी सुटून राहिली का तुही?"

"नाई."

"मंग एवढी पयाली कावून? काय वाचलं, सांग."

मला काहीच सांगता आलं नाही. सगळे शब्द वाचले होते, एकही अडला नव्हता, पण आत काही उरलंच नव्हतं. मला रडू आलं. काकांनी समजूत घातली नाही. "पुन्ना वाच. दोनच ओयी," एवढंच म्हणाले.

गोष्ट साधी होती. एक बाई बकरी घेऊन बाजाराला जाते. गिऱ्हाईक येतं तेव्हा म्हणते, 'लंगडी आहे हो ही,' आणि बकरीला घेऊन घरी परतते.

तळहात पडला. "म्हंजे बकरी लंगडी होती."

"हो," मी म्हटलं. पहिल्यांदाच काकांना बरोबर कळलं होतं.

"पक्कं? मांगं पाय जरा."

मागे पाहिलं. बाजाराच्या वाटेवर त्याच बकरीने नाल्यावरून उडी मारली होती. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, बाई लबाड बोलली!"

"कावून?"

"कुठीच लिवलं नाई."

"मंग तू सांग."

मी गोष्टीचा शेवट पुन्हा वाचला. "तिले बकरी इकाचीच नसन."

त्या दिवशी मला दोन पेरू मिळाले. मला वाटतं, त्या दिवशी मी वाचायला शिकले. काका मुद्दाम चुकतात हे कळायला मात्र दहावी उजाडली.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अमरावतीला वर्गात काही कळलं नाही, तर विचारायची भीती वाटते. खोलीवर आले की पुस्तकाच्या पानावर हात ठेवते आणि स्वतःलाच चुकीचं सांगून बघते. मैत्रीण हसते. हसू दे.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. मुलगी वंदनाताई अकोल्याला, नात तिसरीत. फुलं बांधायच्या रद्दीतून मुलांचं पान निघालं, की काका ते बाजूला काढून ठेवतात. वर्षभरात सुतळीने बांधलेला चांगला जाड गठ्ठा झाला होता. "दिवाईले येईन ते पोट्टी," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "पाहू, किती पेरू नेते त."

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले आणि संध्याकाळी ओसरीवर गेले. काकांनी मोबाईल माझ्यापुढे केला. "वंदीचा मेसेज आला. वाच बरं. चष्मा सापडून नाई राहिला."

चष्मा त्यांच्या खिशात होता. मी वाचलं. 'बाबा, या दिवाळीला जमणार नाही. यांना सुट्टी नाही, पिंकीचे क्लास आहेत. औषध वेळेवर घ्या.'

तळहात पडला. जरा हळूच.

"म्हंजे येऊन राहिली."

गठ्ठा तिथेच, त्यांच्या गुडघ्याशी होता.

"हो काका," मी म्हटलं. "येऊन राहिली."

काकांनी सुई खाली ठेवली. "कुठी लिवलं?"

माझं बोट मोबाईलच्या काचेवर नुसतं फिरत राहिलं. शेवटी त्यांनीच ते धरलं आणि बरोबर जागी नेऊन ठेवलं. "हे पाय. जमनार नाई. इथी लिवलं."

चष्म्याशिवाय.

"तू त बकरीवाली बाई झाली वो," ते म्हणाले, आणि थोडं हसले. टोपलीतला एक पेरू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. चुकीच्या उत्तराला मिळालेला तो पहिलाच.

मग गठ्ठ्याची सुतळी सोडून त्यांनी वरचं पान मला दिलं. एका चिमणीची गोष्ट होती. दोन ओळी वाचून मी सवयीने थांबले. तळहात आला नाही.

"थांबली कावून?" काका म्हणाले. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला होता, पण तो जात नव्हता. "आज नोको थांबू. वाचत जाय."