मुंगसाच्या आज्ञा आणि सशाचा डावा डोळा

बालमित्रहो, कथेआधी एक शब्द नीट समजून घ्या. संगणकावरच्या बंदुकीच्या खेळात एक कळ दाबली, की पडद्यावर एक काळी पाटी उतरते. तिला 'कन्सोल' म्हणतात. तिच्यावर लिहाल ती आज्ञा खेळ निमूट पाळतो. नेमाची खूण हिरवी कर. माउसचा वेग उतरव. बंदूक डाव्या हाती दे. 'नेम अचूक लागू दे' ही आज्ञा मात्र त्या पाटीला अवगत नाही. हे ज्यांना ठाऊक होते, त्यांची ही कथा नव्हे.

एका जंगलात, जिथे वडाच्या ढोलीतही संगणक पोहोचले होते, दरवर्षी या खेळाचा सामना होई. ऐलतीराचा संघ विरुद्ध पैलतीरावरची रानडुकरे. जिंकेल त्याने उन्हाळाभर डोहावर आधी पाणी प्यायचे. रानडुकरे आधी उतरली, तर मागून येणाऱ्याच्या वाट्याला काय उरते, हे तुम्हांला सांगायला नको.

ऐलतीराचा विजेता नेमबाज होता नकुलक नावाचा मुंगूस. सापाशी झालेल्या झुंजीत त्याचा डावा डोळा गेला होता. पडद्याची डावी कड त्याला दिसत नसे. म्हणून पडद्याची एक बाजू झाकणारी बंदूक त्याने कन्सोलवर आज्ञा लिहून तिथेच नेऊन ठेवली होती. जे दिसतच नाही, ते झाकले गेल्याने त्याचे काही बिघडत नव्हते. ती बाजू राखायला शेजारी उत्कर्ण नावाचा ससा बसे. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना. त्याच्या नकळत गवताचे पातेही हलत नसे.

संघाचा गुरू होता बहुश्रुत कोल्हा. त्याने स्वतः कधी बंदूक चालवली नव्हती. त्यामुळे त्याचा नेम कधी चुकलेला नव्हता. यंदा त्याने फर्मान काढले, की सर्वांनी नकुलकाच्या आज्ञा जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. सर्वांनी घेतल्या. बंदुका डावीकडे गेल्या आणि डावीकडचे कुणालाच दिसेनासे झाले. सरावात अस्वलाने शेजारच्या सांबरालाच टिपले.

"आज्ञा बरोबर आहेत," कोल्हा म्हणाला. "डोळे चुकीचे आहेत."

मग पळसाची पाने आली. एकेकाने डावा डोळा बांधून घेतला. नकुलकाला राहवेना. त्याने सर्वांसमक्ष सांगितले, की ही विद्या नव्हे, व्यंगाशी केलेली तडजोड आहे; दोन डोळे असते, तर आपणही बंदूक उजवीकडेच ठेवली असती. यावर अस्वल सांबराच्या कानाशी लागले आणि म्हणाले, की विजेते खरे गुपित असेच लपवतात.

ससा पान पंजात धरून बसून होता.

"उत्कर्णा, तू बांधू नकोस रे," नकुलक म्हणाला. "माझा डावा डोळा तूच आहेस."

"खुशाल नको बांधूस," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "हरलो, तर पाणी कुणापायी गेले, एवढे तीरावर सांगायला आम्हांला सोपे."

सशाने पान बांधले.

सामन्यात रानडुकरे डावीकडून आली. तो काही डावपेच नव्हता; ती वाट जवळची होती, इतकेच. आधी नकुलक पडला. मग बाकीचे पडले, आणि आपण कशाने पडलो हे एकालाही सांगता येईना. त्या उन्हाळ्यात ऐलतीराने चिखल निवळण्याची वाट पाहत पाणी प्यायले.

कोल्ह्याने पराभवाची मीमांसा केली. पाने पातळ होती, उजेड आत येत होता. पुढच्या वर्षी पान दुहेरी असावे. ठराव एकमताने संमत झाला. नकुलकाचे मत विचारले गेले नाही, कारण त्याला पान बांधण्याचा अनुभव नव्हता.

तात्पर्य : सेटिंग डोळ्याला मानवत नसेल, तर डोळा बदलावा. सेटिंग विजेत्याची असते. डोळा काय, आपलाच.

ही कथा सांगताना पुष्कळ जण सशाला मूर्ख ठरवतात. तो पाठ अशुद्ध आहे. सशाला सारे कळले होते. उघड्या डोळ्यांनी हरला असता, तर दोष सशाचा ठरला असता. पान बांधून हरला, तेव्हा दोष पानाचा झाला. त्या संघात शहाणा असा तो एकटाच होता, आणि डावी बाजू त्याच्याकडे होती.