गाडीचं परस्थान

हवालदार दौलतराव सकाळी उठले की आधी लॉरीला उठवत. मडगार्डवर बोटांनी टकटक करून विचारत, "जागी हायस का?" मग हँडल मारत. लॉरी एकदा खोकायची, दोनदा शिंकायची आणि मग अशी काही घरघरायची की आमच्या फळीवरचे डबे सरकत सरकत कडेला यायचे. मी एका हाताने पीठ चाळतेय आणि दुसऱ्या हाताने डबे धरतेय! अहो, मोटारीचा एवढा सोस तर माणसानं स्टँडावर बिऱ्हाड करावं, आमच्या बोळात कशाला?

हवालदार मूळचे पलूसकडचे. लढाईत मिलिटरीची जखमी माणसं न्यायची गाडी चालवायचे. लढाई संपली, परत आले, शेती भावाच्या हवाली केली आणि मिलिटरीनं मोडीत काढलेली लॉरी घेऊन साताऱ्यात आमच्या वरच्या अंगाला, चढावर राहायला आले. लॉरीच्या पोटात त्यांनी घर केलं. मिटून भिंतीला लावायच्या दोन खाटा, स्टोव्हला खण, पाण्याची टाकी, खिडक्यांना बायकोच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. "वैनी, ह्यात बसायचं आन मनाला यील तिकडं जायाचं," ते मला सांगायचे. "धरमशाळा नगं, कुणाचा पावणचार नगं." खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा.

पण गाडी हलेल तर शपथ! हलायचे ते हवालदार. त्या माणसाला एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. चाकात हवा भर, जास्त झाली म्हणून सोड, कमी झाली म्हणून पुन्हा भर. भाजीला निघाले की अर्ध्या वाटेतून धावत परत, काय तर बॅटरीतलं पाणी बघायचं राहिलं. बांबूची नळी कानाला लावून इंजिन ऐकत बसायचे आणि म्हणायचे, "एक बारीक आवाज येतोय."

"कसला हो?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"त्योच तर कळंना, गड्या!"

ह्यांनीही नळी लावून पाहिली. आवाज काही आला नाही, कानाला ग्रीस मात्र लागलं. ते निघता निघेना, आणि धाकट्या दिराच्या लग्नाच्या बोलणीला पोरीकडच्या मंडळींपुढे बसायचं होतं त्याच दिवशी!

"चान्स घ्यायचा न्हाई," हे हवालदारांचं ठरलेलं वाक्य. त्यातून पेट्रोल रेशनचं, कुपनावर मिळणारं. महिन्याचं पेट्रोल गाडीला रोज उठवण्यातच संपायचं आणि निघायचा दिवस उजाडला की टाकी कोरडी. मग पुढच्या कुपनाची वाट.

त्यांची बायको राहीबाई. बाई मोठी गोड, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही. एवढी मोठी लढाई तिनं एकटीनं घर सांभाळत काढली. जाताना हवालदारांनी कबूल केलं होतं, आलो की तुला हिंडवून आणीन. मी एकदा तिला म्हटलं, "माहेरी जायचंय का तुम्हाला?"

"न्हाई वो," ती म्हणाली. "बाईला उंबऱ्याभाईर पडायचं म्हटलं की कारण लागतंय. माहेर, बाळतपण, न्हाईतर कुणाची तरी माती. मला एकदा बिनकारणाचं हिंडायचंय. लय न्हाई, एकदाच."

 माझंही सगळं आयुष्य कारणं सांगण्यात चाललेलं होतं.

आता परस्थान. आमच्याकडे मुहूर्त साधायचा असेल आणि निघणं मात्र जमत नसेल, तर आपलं एखादं वस्त्र आणि सुपारी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस निघाल्यात जमा. ते परस्थान पुन्हा घरात न्यायचं नाही; जायच्या वेळी वाटेवर उचलायचं. हवालदारांची परस्थानं आमच्याकडे इतकी झाली की माझ्या ट्रंकेत माझ्या लुगड्यांना जागा उरेना.

आणि एका सकाळी ते फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. आत सुपारी, आणि हळदकुंकू लावलेला बोटाएवढा लोखंडी तुकडा.

"हे काय?"

"गाडीचा प्लग. माणसांचं परस्थान ठेवतो, मग गाडीचं नगं व्हय? तीबी येनारच की संगं."

मी तो देवाजवळ ठेवला. करते काय? दुसऱ्या दिवशी बोळात सगळं चिडीचूप. गाडी उठलीच नाही. उठणार कशी? तिचा प्लग आमच्या देवाजवळ! मी न्यायला सांगितलं तर हवालदार कानाला हात लावतात. "परस्थान माघारी नेलं तर मुहूर्त मोडला की, वैनी." म्हणजे प्लग गाडीकडे जायचा नाही आणि प्लगाशिवाय गाडी प्लगाकडे यायची नाही. आणि हा माणूस खुशाल! मला तर त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. तडक चढ चढून गेले. हवालदार लॉरीखाली झोपून काहीतरी आवळत होते, बाहेर नुसती पावलं. त्या पावलांनाच मी झाडलं. "अहो हवालदार, न्यायचं नसेल तर नाही म्हणा! पण त्या बाईला असं झुलवू नका."

पावलं हलायची थांबली. मग खालून आवाज आला.

"वैनी, मिसरात माझी गाडी वाळवंटात बंद पडली हुती. मागं आमच्या कवठे महांकाळकडचा जवान हुता, पोटात गोळी लागल्याला. सारखा इचारायचा, 'हवालदार, चालू झाली का?' मी म्हनायचो, 'झालीच बघ.' पेट्रोलच्या जाळीत वाळू अडकली हुती. बारकी जाळी. आदल्या दिशी साफ करायची ऱ्हायली हुती माझ्याकडनं." जरा वेळ नुसतं लोखंड वाजलं. "गाडी चालू झाली, तवा त्यो इचारायचा थांबला हुता."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. 

"आता हिला मागं बसवायची," खालून आवाज आला, "आन मधीच बंद पडली तर?"

"तर काय हुईल?" लॉरीतून राहीबाईचा आवाज आला. ती आत डाळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पडदा सारून ती खाली उतरली आणि चाकाशी वाकली.

"आवं, इतक्या वर्सात मला का सांगितलं न्हाई? त्याला दवाखान्यात पोचायचं हुतं. मी काय जखमी हाय व्हय? मला कुटंच पोचायचं न्हाई. बंद पडली तर पडली. आपलं घर तर संगंच हाय की!"

 हवालदार बाहेर आले तेव्हा तोंडावर काळं होतं, आणि डोळ्यांखाली धुऊन निघालेलं.

"पर परस्थान?" ते एवढंच म्हणाले.

"परस्थानाकडं गाडी न्या की. उतार हाय."

मग काय विचारता! आमचे हे, कोपऱ्यावरचा तांबट, शाळेला निघालेले मास्तर, सगळ्यांनी लॉरीला खांदा दिला. हवालदार स्टिअरिंग धरून "सावकाश, सावकाश" ओरडतायत, राहीबाई आत ठामपणे बसलेली. लॉरी गपगुमान घरंगळत आमच्या दाराशी आली. मी प्लग दिला, दोघांच्या हातावर दही घातलं. हवालदारांनी प्लग बसवून हँडल उचललं, तशी डोळे पुसत मी फळीवरचे डबे धरायला आत पळाले.

चार-आठ दिवसांनी मी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला माहेरी निघाले. कारण होतं, भाचीचं बारसं. कराड मागं पडलं आणि रस्त्याकडेला चिंचेखाली ती लॉरी उभी! आमचा ड्रायव्हर हवालदारांच्या ओळखीचा; त्यानं मोटार थांबवली आणि ओरडून विचारलं, "काय बिघडलंय, हवालदार?"

हवालदार जमिनीवर मांडी घालून बसले होते. शेजारी राहीबाई. ते दातानं ऊस सोलून तिला कांडी देत होते.

"कुनाला ठावं!" ते म्हणाले. "आजून बघितलं न्हाई."

मला हसूही आलं आणि रडूही. मी खिडकीतून हात केला, पण दोघांचं लक्ष कुठलं! आमची मोटार सुटली तेव्हा मी मान वळवून पाहिलं. लॉरीचं बॉनेट बंदच होतं आणि त्याच्यावर राहीबाईचं लुगडं वाळत होतं.